पिक्चरमध्ये मेलेल्यांचा पंचनामा कोण करतं?

मांजराकाठ (लातूर)

पडद्यावर हिंसा दाखवावी की नाही, हा वाद इथं नको. दुःशासनाची छाती फोडून रक्त पिणारा भीम आपण लहानपणीच ऐकलाय, त्यामुळं सोवळेपणा करायला आपल्याला तोंड नाही. माझी तक्रार वेगळी आहे. अलीकडं मारधाडीचे जे पिक्चर तुफान चालले, त्यांत माणूस मेल्यावर पुढं काहीच होत नाही.

'ॲनिमल' घ्या. 1 डिसेंबर 2023 ला आला, 3 तास 21 मिनिटांचा, 'ए' सर्टिफिकेट. हॉटेलातला कुऱ्हाडीचा प्रसंग पोरांना तोंडपाठ आहे. समोरून येणाऱ्यांच्या तोंडावर मुखवटे, मागं गाणं, हीरो कापत चाललाय आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणतंय. मुखवटे का? मला तर वाटतं सोय म्हणून. तोंड दिसलं की माणूस दिसतो, माणूस दिसला की त्याला आई असते, बायको असते, गावाकडं दोन एकर सोयाबीन असतं. मुखवटा चढवला की राहते ती नुसती मोजदाद.

आपल्याकडं बांधाच्या भांडणात एखादा गेला तर काय होतं ते आठवा. पोलीस पाटील, मग पोलीस, दोन पंच, जागेचा पंचनामा. प्रेत तालुक्याला पीएमला. डॉक्टर येईपर्यंत झाडाखाली बसून राहिलेली भावकी आणि 'तू सही कर' म्हणून पुढं ढकललेला धाकटा भाऊ. नंतर केस, तारखा, वकिलाची फी, विकलेली जमीन. एका खुनात दोन घरं बसतात, मेलेल्याचं आणि मारणाऱ्याचंही. पिक्चरवाल्यांनी हे सगळं छाटून फक्त घाव तेवढा ठेवला.

जुने पिक्चर काही गोगलगाय नव्हते. 'शोले'त ठाकूरचं अख्खं कुटुंब मारलं जातं. पण लहान पोरावर बंदूक रोखली जाते तेवढीच. त्याचं मरण आपण बघत नाही. दिसतात ते अंगणात ओळीनं ठेवलेले देह आणि वाऱ्यानं उडणारं पांढरं कापड. अहमदच्या वेळी गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढं थेट घोड्यावरून प्रेत गावात येतं. त्यानंतर त्या आंधळ्या बापाला पिक्चरनं किती वेळ दिलाय, बघा एकदा. आणि 'सैराट' तर 2016 चा, आपल्या शेजारच्या करमाळ्याकडं चित्रित झालेला. शेवटी आवाजच काढून घेतलाय. घाव दिसत नाहीत, दिसतं लेकराचं रक्तात भरलेलं पाऊल.

हिंसा वाढली हे आहेच. मला जास्त खुपतं ते शोक कापला गेला हे. मंडळी, बोला.

हुरडा_पार्टी (परभणी)

काका, पंचनामा बघायला तिकीट कोण काढणार हो?

'किल' बघितला का? 2024 ला थिएटरात लागलेला, जवळपास अख्खा पिक्चर रेल्वेच्या डब्यात. त्यातले डाकू म्हंजे एकाच घरची माणसं हायेत, बाप-चुलते-भाऊ. हीरोनं एकेकाला मारला की बाकीचे हंबरडा फोडतात. म्हंजे शोक बी हाय आन् फायटिंग बी हाय. सगळ्यांला एका दावणीला बांधू नका.

दुसरं, आम्ही पोरं काय येडी हाव का? हप्ताभर कंपनीत शिफ्ट मारून शुक्रवारी रातच्याला पिक्चर बघतो, थिएटरातून निघाल्यावर वडापावच्या गाड्यावर जातो. कुऱ्हाड आणायला कुणी जात नाही. 'सैराट' लई भारी, पण दर शुक्रवारी कोण रडत बसंल?

मांजराकाठ (लातूर)

'किल'चं एकदम मान्य. तो दिग्दर्शक निखिल नागेश भट याचा, आणि डाकू रडतात तिथंच तो पिक्चर बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो. मारणाऱ्या हीरोकडं बघून आपल्यालाच भीती वाटायला लागते. पण असे किती?

डोअरकीपर_अण्णा (जालना)

सिंगल स्क्रीनला आयुष्य घातलं, आता रिटायर. थोडं गेटावरचं सांगतो.

'ए' पिक्चरला अठराच्या आतलं पोरगं सोडलं तर कायद्यानं गुन्हा थिएटरवाल्याचा. म्हणून गेटावर अडवायचो. भांडायला कोण यायचं? पोरं नाही, बाप! 'माझं लेकरू हाय, मी बघून घेतो, तू कोण अडवणार?' एका मोठ्या पिक्चरच्या वेळी एक जण चार-पाच वर्षांचं पोरगं खांद्यावर टाकून आला, झोपलंय म्हणाला. आत डॉल्बीचा आवाज असा की खुर्ची हादरती, तिथं झोपंल का ते? सोडलं नाही तर मॅनेजरला फोन गेला. तो फोन कुणी केला ते लिहीत नाही.

आता 'यूए'चे तीन भाग केलेत, 7+, 13+ आणि 16+. सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 ला दुरुस्ती झाली त्यातून हे आलं. पण लोकांना एक कळत नाही. 'यूए 16+' असलं तरी गेटवाला बारा वर्षांच्या पोराला अडवू शकत नाही. तो सल्ला हाय आईबापाला. बंदी फक्त 'ए'ला. म्हंजे सगळा भार बापावर, आन् बाप तर पोराच्या आधी शिट्टी मारतोय.

हुरडा_पार्टी (परभणी)

अण्णा एक नंबर. पण मोबाइलचं काय? तिथं डोअरकीपर कोण?

तेरणा (धाराशिव)

ओटीटीला सेन्सॉर बोर्ड लागत नाही. 2021 च्या आयटी नियमांनी कंपन्यांनी स्वतःच वयाची पाटी लावायची. टीव्हीला मात्र 'ए' सर्टिफिकेटचा पिक्चर तसाच दाखवता येत नाही, काटछाट करून 'यूए' घ्यावं लागतं. मल्याळम 'मार्को'ला ते 2025 मध्ये नाकारलं गेलं. म्हणजे टीव्हीचं दार लावलं आणि मोबाइलची खिडकी सताड उघडी.

परिणामाबद्दल जरा लिहितो, कारण दर वेळी 'संशोधनानं सिद्ध झालंय' असं कुणीतरी ठोकून देतं. अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 मध्ये स्टॅनफर्डला लहान मुलांवर प्रयोग केला. मोठं माणूस रबरी बाहुल्याला बडवताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नंतर तो बाहुला तसाच बडवला, तेच शब्द तोंडात घेऊन. पुढं तीच गोष्ट फिल्म दाखवूनही करून बघितली. त्यावर आक्षेपही आहेत. बाहुला बडवायसाठीच असतो, माणूस नव्हे, हा त्यातला सरळ आक्षेप.

उलट बाजूनं, गॉर्डन डाल आणि स्टेफानो देलाविन्या या अर्थशास्त्रज्ञांचा 2009 चा निबंध आहे, अमेरिकेच्या आकडेवारीवर. ज्या शनिवार-रविवारी हिंसक पिक्चरला गर्दी असते, त्या रात्री मारामारीच्या घटना कमी होतात, सरासरी एका वीकेंडला जवळजवळ 1,000 नी. कारण मजेशीर आहे. भांडखोर तरुण तेवढा वेळ थिएटरात बसलेले असतात, दारूच्या गुत्त्यावर नसतात. परभणीचा आमचा मित्र वडापावच्या गाड्यावर जातो म्हणाला, ते असं पुस्तकात सापडतं. मात्र हा हिशेब त्या रात्रीचा, फार तर त्या आठवड्याचा. दहा वर्षं हेच बघत मोठं झालेल्या पोराचं काय, ते त्यातून निघत नाही.

सिव्हिलवाला (नांदेड)

मी ब्रदर आहे, कॅज्युअल्टीला ड्यूटी असते. कुठल्या दवाखान्यात ते सोडा.

पिक्चरमधला हीरो समोरच्याची तलवार उघड्या हातानं धरतो. मुठीतून रक्ताची धार, क्लोजअप, म्युझिक. पुढच्या सीनला हाताला रुमाल आणि त्याच हातानं बुलेट चालवतो. आमच्याकडं असे हात येतात. माणूस वार अडवायला हात पुढं करतो, पातं तळव्यातून जातं आणि बोटं वाकवणाऱ्या शिरा तुटतात. आपण शिरा म्हणतो, पण ते स्नायूंचे दोर असतात. बाहेरून बघितलं तर जखम चार बोटांची, टाके घातले की माणसाला वाटतं झालं. वेळेत ऑपरेशन नाही झालं तर ते बोट परत मिटत नाही. मोंढ्यात हमाली करणारा एक जण होता, पस्तिशीचा. जिवाला काही धोका नव्हता, चालत आला, चालत गेला. पोत्याला हुक लावायचा तोच हात. पिक्चरच्या हिशेबानं त्याला काहीच झालेलं नाही.

अजून एक. चाकू लागलेला माणूस डायलॉग मारत नाही. पाणी मागतो. आणि ऑपरेशनला घ्यायचं असेल तर पाणी देता येत नाही, ओल्या कापसानं नुसते ओठ पुसायचे. नातेवाईक आम्हाला शिव्या घालतात, घोटभर पाणी देत नाहीत म्हणून. मग एमएलसीचा, म्हणजे पोलीस केसच्या जखमीचा कागद, पोलीस चौकीला कळवणं, कपडे सील करून ठेवणं. ते कपडे पुरावा असतात, घरच्यांना लगेच मिळत नाहीत. बायका कपड्यासाठी भांडतात ते बघवत नाही.

हुरडा भाऊ, तुम्ही पिक्चर बघा, मीही बघतो. मला मारामारीत हाडाचा आवाज ऐकला की हसू येतं, एवढा कडाका खऱ्यात नसतो.

बिंदुसरा (बीड)

मी शाळेत शिकवते. आमच्या जिल्ह्याचं नाव निघाल्याशिवाय हा धागा संपणार नाही, म्हणून मीच काढते.

9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. मार्च 2025 मध्ये आरोपपत्रातले फोटो बाहेर आले आणि दोन-तीन तासांत जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर पोचले. मारणाऱ्यांनी स्वतःच काढलेले फोटो. हे ध्यानात घ्या, मारताना कुणाला तरी कॅमेरा धरावासा वाटला. पिक्चर बघून वाटला, असं मी म्हणणार नाही, तो माझा प्रांत नाही आणि केस कोर्टात आहे. पण दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलानं मला विचारलं, 'बाई, हे खरंय का एडिट केलंय?' वात्रटपणा नव्हता त्याच्या तोंडावर. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या शेजारचा म्हणाला, एडिट असतं तर रक्त जास्त दाखवलं असतं.

मी दोन दिवस नीट शिकवू शकले नाही. मांजराकाठ, तुमचा मुद्दा मला तिथं पटतो. त्या मुलांनी रक्त भरपूर पाहिलंय, रक्तामागचं घर पाहिलेलं नाही. पुढं त्या घरातल्या लेकीला आणि भावाला मोर्चात बोलताना त्यांनी टीव्हीवर पाहिलं, तेव्हा वर्ग गप्प झाला. फोटोंनी झाला नव्हता.

बंदुकीचे रील हा आमच्याकडचा आणखी एक विषय. लग्नात हवेत गोळ्या झाडायच्या, मागं साउथच्या पिक्चरचं म्युझिक लावायचं. नंतर पोलिसांनी बरेच परवाने रद्द केले.

मांजराकाठ (लातूर)

बाई, यावर मी लगेच काही लिहू शकत नाही.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

मी मांजराकाठ यांच्याशी निम्माच सहमत. शोक घातला की पिक्चर शहाणा होतो, असं मला नाही वाटत.

'छावा' आठवा. 14 फेब्रुवारी 2025, 'यूए 16+'. शेवटचा छळाचा भाग लांबलचक आहे आणि तो कुणी मनानं रचलेला नाही. संभाजी महाराजांना 1689 च्या मार्चमध्ये हालहाल करून मारलं हा इतिहास आहे. इथं मेलेल्याला चेहरा आहे, नाव आहे, बायको आहे, रयत आहे. थिएटरात माणसं ढसाढसा रडत होती, लेकरं उभं राहून गर्जना म्हणत होती. शोक काठोकाठ. पुढं काय झालं? 17 मार्चला नागपुरात दंगल पेटली आणि मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात या पिक्चरचं नाव घेऊन सांगितलं की त्यानं लोकांच्या भावना पुन्हा चेतवल्या. खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीभोवती बंदोबस्त आला, पत्रे उभे राहिले. वेरूळला जाता-येता आम्ही ते बघत होतो. दंगलीचं खापर एका पिक्चरवर फोडता येणार नाही, राजकारण आधीपासून तापलेलं होतंच. पण परिणाम होतच नाही म्हणणाऱ्यांनी असीरगडची बातमी आठवावी. पिक्चरमध्ये बुऱ्हाणपूरचा मुघल खजिना दाखवला म्हणून तिथं लोक रात्री बॅटऱ्या घेऊन सोनं शोधायला शेत खणत बसले होते!

म्हणजे शोकालाही दोन वाटा आहेत. एक माणसाला आत ओढते. दुसरी बाहेर बोट दाखवायला लावते, आणि बोट दाखवायला समोर कुणी नसेल तर शेजारचा सापडतो.

आता कलेचं. भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, मरण, नगराला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून सांगाव्यात असं आहे. आणि त्याच ग्रंथात रौद्र आणि बीभत्स हे रस म्हणून मानाने बसवलेत. म्हणजे क्रोध आणि किळस वर्ज्य नाही, त्यांचा रस व्हायला पाहिजे. किळस आणून सोडून देणं, हे काम तर उघडं गटारही करतं.

वेरूळचं पंधरा नंबरचं लेणं, दशावतार. तिथला नरसिंह बघा. पोट फाडून आतडी काढलेली मूर्ती करणं शिल्पकाराला अवघड नव्हतं, इतर ठिकाणी ती आहेही. इथं त्यानं त्याच्या आधीचा क्षण धरलाय. नरसिंहानं हात टाकलाय, हिरण्यकशिपू अजून उभा आहे, हातात ढाल-तलवार आहे, आणि दोघांचे पाय असे पडलेत की नाचतायत की झुंजतायत कळू नये. मरण ठरलंय पण झालं नाही. बघणारा तिथंच अडकतो.

त्याच लेण्यात अंधकासुराचा वध आहे. अंधकाला वर असा की त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा अंधक उठणार. म्हणून शिवानं त्याला त्रिशूळावर उचललाय आणि रक्त झेलायला वाडगं धरलंय, खाली हाडांचा सापळा झालेली देवी टपून बसलीय. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मारताना रक्त सांडणार नाही याची चिंता होती. आपल्या पिक्चरात थेंब स्लो मोशनमध्ये जमिनीवर पडतो आणि तिथून पार्ट टू सुरू होतो.

हुरडा_पार्टी (परभणी)

पार्ट टू वालं भारी होतं, मानलं.

पण सर, नरसिंह सोज्वळ हाय म्हणून आम्ही 'केजीएफ' बघायचा नाही का? मला त्याच्यातला आवाज आवडतो, एडिटिंग आवडतं. गरिबाचं पोरगं सगळ्यांला भारी पडतं ते आवडतं. आमच्यासारख्याला रोजच्याला कुणी विचारत नाही, सुपरवायझरसुद्धा अरे-तुरे करतो. तीन तास वाटतं, आपून बी कुणीतरी हाव. ते रक्तासाठी नसतं सगळं.

मांजराकाठ (लातूर)

हे तू आत्ता जे लिहिलंस ना, ते माझ्या अख्ख्या पहिल्या पोस्टपेक्षा खरं आहे. खामनदी, तुमचंही पटतंय. शोक हा शब्द मी फार सरसकट वापरला असं म्हणता येईल, पण मुद्दा सोडत नाही. 'छावा'तला शोक राजाचा होता. मी हॉटेलच्या बोळात पडलेल्यांबद्दल बोलतोय, ज्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढणार नाही.

गावठी_डायरेक्टर (अंबाजोगाई)

मी शॉर्टफिल्म करतो, बजेट म्हणजे मित्रांच्या खिशात जेवढं असेल तेवढं. एक आतली गोष्ट सांगतो: रक्त स्वस्त असतं.

लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल रंग, थोडी कोको पावडर, म्हणजे रंग गुलालासारखा न दिसता काळपट येतो. दोनशे रुपयांत बादलीभर. अडचण एकच, मुंग्या. दुपारच्या शूटिंगला मेलेला माणूस सारखा उठून मुंग्या झटकत होता. पण ॲक्टिंग लागत नाही, लाइट नीट नसला तरी चालतं, आणि तीस सेकंदांचा तुकडा कापून टाकला की रील पळतं.

रडणं महाग पडतं. मुलगा गेल्याची बातमी ऐकणारी आई, हा एक शॉट घ्यायला आमची अख्खी संध्याकाळ गेली. काकू नाटकात काम केलेल्या, तरी पहिल्या काही टेकला त्या रडल्या आणि सगळं खोटं वाटलं. शेवटी त्या न रडता भाकरीचं पीठ मळत राहिल्या, तो टेक ठेवला. तो एडिट टेबलवर एका मित्रानं 'स्लो आहे, काढ' म्हणून सांगितलं. मोठ्या पिक्चरला शेकडो कोटी असतात, तरी त्यांच्या टेबलवरही असा एक मित्र बसत असणारच.

बादवे, सिगारेट पेटली की कोपऱ्यात इशारा टाकावा लागतो. गळा चिरला तर काहीच टाकावं लागत नाही. गळा चिरणं आरोग्याला चांगलं असावं.

सिव्हिलवाला (नांदेड)

शेवटच्या ओळीला दंडवत.

तो पिठाचा शॉट ठेवला का काढला?

गावठी_डायरेक्टर (अंबाजोगाई)

ठेवलाय. व्ह्यूज विचारू नका.

बिंदुसरा (बीड)

लिंक पाठवा. नववीला दाखवीन, मारामारीसकट. आधी मी बघते, मग ठरवते.

हुरडा_पार्टी (परभणी)

बाई, मलाबी पाठवा. पण मुंग्यांचा सीन कापलेला असंल तर नको.

डोअरकीपर_अण्णा (जालना)

ह्या शुक्रवारी आमच्याकडं नवीन लागतोय, 'ए' हाय. गेटावर आता माझा पुतण्या असतो, लई कडक हाय. लेकरं घरी ठेवून या, नाहीतर मला फोन करू नका.